बीजभांडवल आणि वीज

नायजेरियात १९७२ मध्ये सरकारी वीजमंडळ स्थापन झाले. 'नॅशनल इलेक्ट्रिक पॉवर ऑथॉरिटी' हे त्याचे नाव. आद्याक्षरांवरून लोक त्याला 'नेपा' म्हणत आणि त्याच आद्याक्षरांचा त्यांनी लावलेला अर्थ 'विजेची आशा कधीच धरू नका' असा होता. २००५ मध्ये मंडळाचे नाव बदलले, तेव्हा नव्या आद्याक्षरांचाही अर्थ जनतेने तत्परतेने लावला : 'दुखणे तेच, नाव तेवढे बदलले.' घराघरांत आणि दुकानांच्या दारांत जे छोटे पेट्रोलचे जनित्र दिसे, त्याला तेथील लोकभाषेत 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' अशा अर्थाचे नाव पडले. एखाद्या देशाच्या अर्थव्यवस्थेचे निदान अशा विनोदांतून जितके नेमके होते, तितके ते पुष्कळदा अहवालांतूनही होत नाही.

ज्या देशात १९५६ मध्ये तेल सापडले, ज्याचे नैसर्गिक वायूचे साठे आफ्रिकेत सर्वात मोठे समजले जातात, त्या देशात २०२१ मध्ये जागतिक बँकेच्या अंदाजानुसार सुमारे ८ कोटी ५० लाख लोकांपर्यंत वीजजाळे पोहोचलेले नव्हते. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही आपली म्हण येथे उलटी होते. आड तुडुंब आहे. पोहराच गळका आहे.

या गळक्या पोहऱ्याच्या देशात टोनी एलुमेलू या उद्योगपतीने गेल्या तीन दशकांत बँक उभी केली, वीजकेंद्रे विकत घेतली, तेलक्षेत्रात हिस्सा मिळविला आणि त्याच वेळी साऱ्या आफ्रिका खंडातील हजारो तरुणांना धंदा सुरू करण्यासाठी परत न घेण्याच्या बोलीने भांडवल वाटले. अर्थ, ऊर्जा आणि दातृत्व या तीन क्षेत्रांत एकाच माणसाने इतके काम केल्याची उदाहरणे आफ्रिकेत विरळ आहेत. अमेरिकेतील 'टाइम' नियतकालिकाने २०२० मध्ये जगातील शंभर प्रभावी व्यक्तींत त्यांची गणना केली. तथापि या कारकिर्दीकडे केवळ यशोगाथा म्हणून पाहणे पुरेसे नाही. खासगी भांडवल आणि खासगी औदार्य यांच्या बळावर एखादा देश कोठपर्यंत जाऊ शकतो, आणि कोठे त्याला शासनसंस्थेवाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही, याचा तो एक मोठा धडा आहे.

मोडकळीस आलेली बँक

एलुमेलू यांचा जन्म १९६३ चा, मध्य नायजेरियातील जोस शहरातला. शिक्षण अर्थशास्त्राचे, पदव्युत्तर पदवी लागोस विद्यापीठाची. प्रारंभी त्यांनी छायाप्रती काढणारी यंत्रे विकण्याची फिरती नोकरी केली आणि मग बँकेत शिरकाव करून घेतला. तिशी गाठण्यापूर्वीच ते एका बँकेचे शाखाधिकारी झाले.

तो काळ नायजेरियातील बँकांच्या दृष्टीने विलक्षण होता. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या पठडीतील आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम लष्करी राजवटीने स्वीकारला. परवाने सैल झाले, बँकांचे पीक आले आणि अशा पिकाचे जे होते तेच पुढे झाले. अनेक बँका परकीय चलनाच्या व्यवहारातील फरकावर जगत होत्या. तो फरक आटताच त्या कोसळू लागल्या. जानेवारी १९९८ मध्ये तर मध्यवर्ती बँकेने एकाच वेळी २६ बँकांचे परवाने रद्द केले. या पडझडीतच, १९९७ मध्ये, एलुमेलू आणि त्यांच्या सहकारी गुंतवणूकदारांनी क्रिस्टल बँक ही डबघाईला आलेली छोटी बँक ताब्यात घेतली आणि तिला 'स्टँडर्ड ट्रस्ट बँक' असे नाव दिले. बुडत्या बँकेत पैसा घालण्याचे धाडस त्यांनी केले, हे मान्य करावयास हवे. परंतु ज्या किमतीला धडधाकट बँकेचा परवाना मिळणे अशक्य होते, त्या किमतीला तो या पडझडीमुळेच मिळाला, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी संधी २००४ मध्ये आली आणि ती सरळसरळ शासकीय निर्णयातून आली. मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चार्ल्स सोलुदो यांनी त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर केले की, प्रत्येक बँकेचे किमान भांडवल २ अब्ज नायरांवरून २५ अब्ज नायरांवर गेले पाहिजे आणि तेही २००५ अखेर. देशात तेव्हा ८९ बँका होत्या. अठरा महिन्यांची मुदत संपली तेव्हा त्यांतल्या २५ उरल्या. कित्येक बँकांनी घाईघाईने जोडीदार शोधले, काहींनी दारे लावून घेतली. एलुमेलू यांनी आपली तरुण बँक 'युनायटेड बँक फॉर आफ्रिका' या तिच्याहून कितीतरी मोठ्या आणि जुन्या बँकेशी २००५ मध्ये एकत्र केली. या मोठ्या बँकेची मुळे १९४९ च्या ब्रिटिश-फ्रेंच बँकेत होती. नाव मोठ्या बँकेचे राहिले, सूत्रे मात्र छोट्या बँकेच्या प्रमुखाकडे आली. आज ही बँक आफ्रिकेतील २० देशांत काम करते आणि न्यूयॉर्क, लंडन व पॅरिस येथेही तिची कार्यालये आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. बाजारपेठेने मोठी बँक छोट्या बँकेच्या हाती दिली, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. नियामकाने एका रात्रीत खेळाचे नियम बदलले आणि ते ज्याला सर्वांत आधी वाचता आले, त्याचा विजय झाला. उद्योजकता हा गुण येथे निःसंशय आहे. पण तिचे क्षेत्र शासनाने आखले होते.

त्याच नियामकाचा दुसरा हातही पुढे दिसला. २००९ मध्ये सनुसी लामिदो सनुसी हे गव्हर्नर झाले. बँकांची तपासणी होऊन आठ बँकांचे प्रमुख पदच्युत झाले आणि बँकव्यवस्था सावरण्यासाठी ६२० अब्ज नायरा ओतावे लागले. चार-पाच वर्षांपूर्वी ज्या प्रचंड भांडवलाचे कौतुक झाले, त्यातला बराच भाग सट्टेबाजीच्या कर्जांत गुंतला होता. युनायटेड बँक फॉर आफ्रिका त्या आठांत नव्हती. परंतु कोणाही मुख्याधिकाऱ्याने दहा वर्षांहून अधिक काळ खुर्ची अडवू नये, असा नियम २०१० मध्ये झाला आणि एलुमेलू यांना पद सोडावे लागले. २०१४ पासून ते त्या बँकेचे अध्यक्ष आहेत. दैनंदिन कारभार मात्र इतरांकडे आहे.

नवा शब्द, जुना प्रश्न

पद सुटले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. त्याच वर्षी त्यांनी दोन संस्था काढल्या. एक 'एअर्स होल्डिंग्ज' ही गुंतवणूक कंपनी, जिच्या नावाचा अर्थ 'वारसदार' असा आहे. दुसरी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान. दोहोंना जोडणारा एक सिद्धान्तही त्यांनी मांडला आणि त्याला 'आफ्रिकॅपिटॅलिझम' हे नाव दिले. आफ्रिकेच्या विकासाची जबाबदारी आफ्रिकी खासगी क्षेत्राने उचलली पाहिजे. वीज, वाहतूक, आरोग्य अशा मूलभूत क्षेत्रांत दीर्घ मुदतीची गुंतवणूक केली पाहिजे. तिच्यातून नफा व्हावा आणि समाजाचीही संपत्ती वाढावी, असे त्याचे सार आहे.

मराठी वाचकाला यावरून गांधीजींची विश्वस्त कल्पना आठवेल. साम्य वरवरचे आहे. गांधीजींच्या कल्पनेत धनिकाने स्वतःला मालक न समजता राखणदार समजावयाचे होते. एलुमेलू यांच्या विचारात त्यागाला स्थान नाही. योग्य जागी मिळविलेला नफा हाच समाजसेवेचा मार्ग आहे. परकीय मदतीवर पोसलेल्या आणि सरकारी महामंडळांच्या ढिसाळपणाने गांजलेल्या खंडात या विचाराचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. आफ्रिकेकडे हात पसरणारा खंड म्हणून पाहू नका, असे एका आफ्रिकी माणसाने आत्मविश्वासाने सांगणे, हेही त्यात मोलाचे आहे. प्रश्न एवढाच की, मूलभूत क्षेत्र म्हणजे ज्यात वस्तू खरेदी करणारा, तिची किंमत ठरविणारा आणि वाट अडविणारा बहुधा सरकारच असते, असे क्षेत्र. तेथे शुद्ध खासगी नफा संभवतो काय?

उघेल्लीचे वीजकेंद्र

याचे उत्तर उघेल्ली येथे मिळते. नायजरच्या त्रिभुज प्रदेशातील या गावी नैसर्गिक वायूवर चालणारे सरकारी वीजकेंद्र १९६० च्या दशकापासून होते. त्याची स्थापित क्षमता ९७२ मेगावॅट. पण २०१३ मध्ये त्यातून जेमतेम १६० मेगावॅट वीज निघत होती. संच होते, सुटे भाग नव्हते. कामगार होते, देखभाल नव्हती. त्या वर्षी नायजेरियाने वीजक्षेत्राचे फार मोठे खासगीकरण केले. जुने मंडळ तोडून त्याच्या सहा निर्मिती कंपन्या आणि अकरा वितरण कंपन्या करण्यात आल्या. एअर्स होल्डिंग्जने २०११ मध्ये 'ट्रान्सकॉर्प' या कंपनीवर नियंत्रण मिळविले होते. या ट्रान्सकॉर्पने ३० कोटी डॉलर मोजून उघेल्लीचे केंद्र घेतले. त्याच सुमारास अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांनी आफ्रिकेच्या विद्युतीकरणाची योजना जाहीर केली. तिच्यात २५० कोटी डॉलर गुंतविण्याचे आश्वासन एअर्स होल्डिंग्जने दिले.

नव्या मालकांनी संच दुरुस्त केले आणि काही वर्षांतच केंद्राची उपलब्ध क्षमता ६०० मेगावॅटच्या पुढे नेली. सरकारी व्यवस्थापनाला जे दशकानुदशके जमले नाही, ते खासगी व्यवस्थापनाने करून दाखविले, ही वस्तुस्थिती आहे. खासगीकरणाच्या विरोधकांनी ती नाकारू नये.

परंतु वीज ही पोत्यात भरून बाजारात नेण्याची वस्तू नव्हे. केंद्रात निर्माण झालेली वीज पारेषणाच्या तारांवर चढते, आणि ते जाळे सरकारकडेच राहिले. तेथून ती वितरण कंपन्यांकडे जाते. त्यांचे मीटर अपुरे, गळती मोठी आणि दर राजकीय सोयीने ठरणारे. ग्राहकाकडून त्या जेवढे वसूल करू शकत, तेवढ्यातूनही पूर्ण रक्कम वर पोहोचत नसे. मध्ये घाऊक खरेदीदार म्हणून सरकारने एक कंपनी उभी केली होती. तिच्या हाती अपुरा पैसा येई, म्हणून ती निर्मिती कंपन्यांना अपुरा पैसा देई. निर्मिती कंपन्या वायूपुरवठादारांचे देणे थकवीत. आणि वायूपुरवठादार नळ आवळत. साखळीच्या एका टोकाला दिवा पेटत नाही, म्हणून ग्राहक बिल देत नाही. बिल मिळत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला दिवा पेटत नाही. देशाची स्थापित वीजक्षमता सुमारे १३,००० मेगावॅट असूनही २० कोटींहून अधिक लोकसंख्येला सामान्यतः ४,००० ते ५,००० मेगावॅटच मिळत राहिले, त्याचे मर्म या साखळीत आहे.

त्यात भर नैसर्गिक आणि राजकीय आपत्तींची. २०१६ मध्ये त्रिभुज प्रदेशातील सशस्त्र गटांनी तेल व वायूच्या वाहिन्या उडविल्या आणि वायूवरील वीजकेंद्रे इंधनाविना अडली. त्याच वर्षी नायराचे मूल्य कोसळले. ज्या कंपन्यांचे कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न नायरांमध्ये होते, त्यांचा बोजा विनाकारण वाढला. २०२४ या एका वर्षात राष्ट्रीय वीजजाळे दहाहून अधिक वेळा कोसळले. त्या वर्षी एप्रिलमध्ये दिवसाचे किमान वीस तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटला सुमारे ६८ नायरांवरून २२५ नायरांवर नेण्यात आला. तरीही २०२५ मध्ये निर्मिती कंपन्यांनी सरकारकडील आपली थकबाकी सुमारे ४ लाख कोटी नायरा असल्याचे सांगितले. ती फेडण्यासाठी सरकारला रोख्यांचा आधार घ्यावा लागला. म्हणजे खासगीकरणानंतर बारा वर्षांनी वीजनिर्मितीचा पैसा शेवटी सरकारी तिजोरीच्याच दारात उभा राहिला.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. दाभोळच्या प्रकल्पात वीज महाग होती, खरेदीदार म्हणून राज्य वीजमंडळ बांधले गेले होते आणि २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविताच भला मोठा प्रकल्प बंद पडला. ज्या एन्रॉन कंपनीने दाभोळ उभारले, तिनेच १९९९ मध्ये लागोस शहरासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या वीजसंचांचा करार केला होता. दाभोळ आणि उघेल्ली यांत फरक पुष्कळ आहेत. पहिल्यात परकीय कंपनीने स्वतःचा नफा करारात आधीच बांधून घेतला होता, तर दुसऱ्यात देशी कंपनीने मोडके केंद्र घेऊन जोखीम पत्करली. तरी एक सूत्र समान आहे : वीज विकत घेणाऱ्याच्या हाती पैसा नसेल, तर ती निर्माण करणारा कोण आहे, याला दुय्यम महत्त्व उरते.

विहिरीपासून दिव्यापर्यंत

एलुमेलू यांनी या साखळीवर शोधलेला उपाय उद्योगपतीचा होता. साखळीचा जितका भाग आपल्या हाती घेता येईल तितका घ्यावयाचा, हे त्याचे सूत्र. २०२० मध्ये अफाम येथील दुसरे मोठे वायू-वीजकेंद्र घेण्याचा करार ट्रान्सकॉर्पने केला. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या समूहाने पोर्ट हारकोर्टजवळील 'ओएमएल १७' या तेलक्षेत्रातील ४५ टक्के हिस्सा विकत घेतला. त्यात शेलचा ३० टक्के, फ्रान्सच्या टोटालचा १० टक्के आणि इटलीच्या एनीचा ५ टक्के वाटा होता. या व्यवहारासाठी सुमारे ११० कोटी डॉलरची उभारणी झाली. स्वतःचा वायू, स्वतःचे वीजकेंद्र, अशी ही जुळणी होती. साठ वर्षे त्रिभुज प्रदेशातून तेल उपसणाऱ्या परकीय कंपन्या जमिनीवरील क्षेत्रे विकून समुद्राकडे वळू लागल्या होत्या. त्यांची जागा देशी भांडवल घेत होते. स्वदेशीच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा होता.

तो साजरा होण्यापूर्वीच नव्या मालकांना जुन्या दुखण्याने गाठले. त्रिभुज प्रदेशात तेलवाहिन्यांना छिद्रे पाडून तेल पळविण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि तो केवळ भुरट्या चोरांचा नाही. मार्च २०२२ मध्ये एलुमेलू यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. बॉनी बंदरातील ज्या साठवण केंद्रात दिवसाला दोन लाखांहून अधिक पिंपे तेल यावयाचे, तेथे तीन हजारांपेक्षाही कमी येत आहे; ९५ टक्क्यांहून अधिक तेल चोरांच्या घशात जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शेललाही त्याच महिन्यात बॉनीच्या निर्यातीबाबत अपरिहार्य आपत्तीची घोषणा करावी लागली.

देशातील सर्वांत वजनदार उद्योगपतींपैकी एक माणूस स्वतःच्या विहिरीतले तेल बंदरापर्यंत नेऊ शकत नव्हता. त्याच्यापाशी भांडवल होते, तंत्रज्ञ होते, राजधानीत शब्दाला किंमत होती. कमी होता तो फक्त पोलीस. वाहिनीचे रक्षण, न्यायालयाची जरब, सीमाशुल्क खात्याची नजर, या वस्तू कोणत्याही भागभांडवलातून विकत मिळत नाहीत. आणि ज्या देशात त्या विकत मिळतात, त्या देशात त्यांचा उपयोग उरत नाही.

शिवाय या प्रदेशाचा आणखी एक हिशेब बाकी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये शेजारच्या ओगोनी भागाची पाहणी केली. तेथील प्रदूषित जमीन, पाणी व खाजणे पूर्ववत होण्यास पंचवीस ते तीस वर्षे लागतील, असा निष्कर्ष तिने काढला. मालक बदलले की तेलक्षेत्राबरोबर त्याचा हा वारसाही बदललेल्या मालकांकडे येतो. 'वारसदार' हे नाव धारण करणाऱ्या समूहाला या शब्दाचा हा अर्थही टाळता येणार नाही.

पाच हजार डॉलर

आता दातृत्वाकडे वळावे. आफ्रिकेतील दातृत्वाचे जुने रूप म्हणजे शिष्यवृत्ती, दवाखाना, प्रार्थनामंदिर. टोनी एलुमेलू प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. दहा वर्षांत १० कोटी डॉलर खर्चून खंडातील १०,००० नवोदित उद्योजक उभे करावयाचे; प्रत्येकाला बारा आठवड्यांचे प्रशिक्षण, एक मार्गदर्शक आणि ५,००० डॉलरचे बीजभांडवल द्यावयाचे, असा संकल्प होता. तारण नाही, व्याज नाही, परतफेड नाही. आफ्रिकेतील ५४ देशांपैकी कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करण्याची मुभा होती. पुढे युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांसारख्या संस्थांनी आपला पैसा याच मार्गाने वाटावयास दिला. लाभार्थींची संख्या आता २०,००० च्या वर गेली आहे. मूळ संकल्पाच्या दुप्पट.

या योजनेचे मोल कमी लेखू नये. ज्या देशांत बँका सरकारी रोखे घेऊन सुखाने नफा कमावतात आणि छोट्या धंद्याला कर्ज म्हटले की जमिनीचा कागद मागतात, तेथे कुंपणाबाहेरच्या तरुणावर कोणी विश्वास टाकणे हीच मोठी गोष्ट आहे. विशेष म्हणजे हा विश्वास एका बँकरने टाकला. बँकेच्या खुर्चीवरून ज्याला कर्ज देता आले नसते, त्यालाच दात्याच्या भूमिकेतून भांडवल द्यावे लागले, ही आफ्रिकी बँकव्यवस्थेवरची मुकी टीका आहे.

परंतु आकडे आणखी काही सांगतात. २०१५ मध्ये हजार जागांसाठी सुमारे २०,००० अर्ज आले होते. २०१९ मध्ये अर्ज २ लाख १६ हजारांवर गेले आणि निवड ३,०५० जणांची झाली. म्हणजे पहिल्या वर्षी विसांतून एकाला संधी मिळाली, तर चार वर्षांनी सत्तरांतून एकाला. दान वाढले, पण गरज त्याच्या कितीतरी पुढे धावली. उरलेल्या एकोणसत्तर जणांचे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रतिष्ठानापाशी नसते, आणि त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ते उत्तर ज्यांनी द्यावयाचे, त्यांच्या कचेऱ्या सरकारी इमारतींत असतात.

निवड झालेल्या एकाचाही मार्ग सरळ नाही. समजा, लागोसमधील एखाद्या तरुणीने ५,००० डॉलर घेऊन मासळीसाठी छोटे शीतगृह काढले. यंत्र आले, खोली सजली, गिऱ्हाईकही आले. वीज दिवसातून काही तासच असते, म्हणून तिने जनित्र घेतले. मे २०२३ मध्ये सरकारने पेट्रोलवरील अनुदान काढून टाकले आणि पेट्रोलचा भाव एकदम दुपटीहून अधिक वाढला. आता मासळीच्या नफ्यातून जनित्राचे पोट भरावयाचे की स्वतःचे, हा तिच्यापुढचा प्रश्न. तिच्याजवळ कल्पकता नव्हती असे नाही, प्रशिक्षण नव्हते असेही नाही. एका हाताने मिळालेले बीजभांडवल दुसऱ्या हाताने धूर होऊन जाते. एलुमेलू यांच्या कारकिर्दीतील दातृत्व आणि ऊर्जा हे दोन अध्याय येथे एकमेकांना भेटतात. प्रतिष्ठानाने दिलेले बीज रुजावयाचे, तर उघेल्लीच्या केंद्रातील वीज त्या शीतगृहापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि ती न पोहोचण्याची कारणे प्रतिष्ठानाच्याही बाहेर आहेत आणि केंद्राच्याही.

या संदर्भात आफ्रिकेतील दुसऱ्या एका धनिकाची वाट आठवते. सुदानमध्ये जन्मलेले मो इब्राहिम यांनी आपली दूरध्वनी कंपनी २००५ मध्ये ३४० कोटी डॉलरला विकली. तिचेच आफ्रिकी जाळे हस्तांतरित होत २०१० मध्ये भारताच्या भारती एअरटेलकडे आले. इब्राहिम यांनी मिळालेल्या संपत्तीतून चांगल्या राज्यकर्त्यांसाठी पारितोषिक ठेवले. मुदत संपताच सत्ता सोडणाऱ्या आणि देश नीट चालविणाऱ्या माजी राष्ट्रप्रमुखाला ५० लाख डॉलर द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. अनेक वर्षी हे पारितोषिक कोणालाही देता आले नाही. एकाने तळातल्या तरुणाला भांडवल दिले, दुसऱ्याने शिखरावरच्या सत्ताधीशाला सदाचरणाचे आमिष दाखविले. पहिल्याला पात्र माणसे मोजवेनात इतकी मिळाली. दुसऱ्याला पात्र माणूस मिळता मिळेना. आफ्रिकेतील टंचाई नेमकी कोठे आहे, याचे याहून बोलके प्रमाण शोधण्याची गरज नाही.

मोजमाप कोणते?

एलुमेलू यांच्यावर टीका करावयास जागा नाही, असे नव्हे. बँक, वीज, तेल आणि विमा यांची सूत्रे एका समूहाभोवती एकवटतात, तेव्हा ठेवीदाराच्या पैशाची आणि ग्राहकाच्या हिताची राखण करणारा नियामक अधिक सावध असावा लागतो. ज्याचा पैसा सरकारकडे थकला आहे, त्याने सरकारवर किती स्पष्ट बोलावे, यालाही मर्यादा पडतात. आणि दाता जेव्हा उद्योगपतीही असतो, तेव्हा दानाची कीर्ती आणि धंद्याची पत या एकमेकींना हातभार लावतात. हे प्रश्न मुंबईत विचारले जातात, तसेच लागोसमध्येही विचारले गेले पाहिजेत.

पण मूळ मुद्दा व्यक्तीचा नाही. त्यांच्या कारकिर्दीतील यशाच्या जागा नीट पाहिल्या, तर त्या प्रत्येक जागी शासनाने काही निर्णय घेतला होता : भांडवलाची अट वाढविली, वीजमंडळ मोडले, तेलक्षेत्राच्या विक्रीला मान्यता दिली. अपयशाच्या जागा पाहिल्या, तर तेथे शासनाने काही करावयाचे होते आणि केले नाही : बिल वसूल करणे, तारा सांभाळणे, चोर पकडणे. निर्णय घेण्यास एक सही पुरते. कारभार करण्यास हजारो कारकून, अभियंते, शिपाई आणि न्यायाधीश यांनी रोज आपापले काम करावे लागते. नायजेरियात पहिली गोष्ट वारंवार घडली, दुसरी क्वचित.

म्हणून आफ्रिकेचा विकास खासगी क्षेत्र करील, या घोषणेला एक पुरवणी जोडावी लागते. खासगी क्षेत्र वीजकेंद्र दुरुस्त करू शकते. युनिटाचे पैसे त्या केंद्रापर्यंत पोहोचतील याची हमी देऊ शकत नाही. दाता हजारो तरुणांना धंदा सुरू करून देऊ शकतो. तो धंदा चालू राहील अशी गावे व शहरे उभारू शकत नाही. टोनी एलुमेलू यांनी जे केले, ते त्यांच्या वाट्याचे काम होते आणि त्यातले बरेचसे त्यांनी चोख केले. वीस हजारांवर तरुणांना त्यांनी बीज दिले. उरलेले काम, म्हणजे त्या बीजाला वीज देण्याचे, अबुजातील सरकारचे आहे. त्या सरकारची परीक्षा रोज संध्याकाळी, मासळीच्या त्या लहानशा दुकानात, कळ दाबल्याबरोबर दिवा लागतो की नाही यावर होणार आहे.